ट्रायफलच्या तळाशी पाणी साचते: पाणी कोणत्या थराचे, हे ओळखण्याची रीत आणि उपाय

संक्रांत ते रथसप्तमी हे साताऱ्यातील हळदीकुंकवाचे दिवस, आणि महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यातील स्ट्रॉबेरी बाजारात मुबलक असण्याचेही हेच दिवस. साहजिकच तिळगूळ आणि वाण यांच्या जोडीला पारदर्शक ग्लासांतून केक, कस्टर्ड, फळे, जेली आणि क्रीम यांचे थर लावलेले ट्रायफल द्यावे, असा बेत बऱ्याच घरी ठरतो. आदल्या रात्री ग्लास भरले तेव्हा थर पट्टीने आखल्यासारखे दिसत असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका यायला लागल्यावर फ्रिज उघडावा, तर तळाशी बोटभर गुलाबी पाणी, केकचा लगदा आणि त्यात एका बाजूने खचलेले कस्टर्ड. पुढच्या खेपेला जेलीत पाणी कमी घातले जाते, कस्टर्ड पावडर चमचाभर वाढवली जाते, तरीही पाणी सुटायचे ते सुटतेच.

असे पुनःपुन्हा होण्याचे कारण माझ्या मते एकच आहे. पाणी कोणत्या थराने सोडले हे न पाहताच उपाय केला जातो, आणि बहुतेक वेळा तो निर्दोष थरावर केला जातो. ट्रायफलमधील केक सोडून बाकीचे चारही थर पाणी सोडू शकतात, परंतु प्रत्येकाचे कारण वेगळे आणि म्हणून उपायही वेगळा आहे. गुलाबी पाणी फळाचे असताना कस्टर्ड घट्ट केल्याने काहीच साधत नाही. उलट पिठूळ कस्टर्ड आणि खाली तेवढेच पाणी, अशी दुहेरी निराशा पदरी पडते.

म्हणून बिघडलेला ग्लास लगेच ढवळून टाकू नये. तो थोडा तिरपा करावा, कडेने साचलेले पाणी चमच्यात घ्यावे, उजेडात पाहावे आणि चाखावे. पाणी पातळ, गुलाबी किंवा फळाच्या रंगाचे आणि आंबटगोड असेल, तर ते फळांचे. दुधाळ, पिवळसर आणि फिकट चवीचे असेल, तर कस्टर्डचे. हिरवट झाक असलेले आणि ताकासारखे आंबट असेल, तर ते क्रीमच्या थरात घातलेल्या चक्क्याने सोडलेले पाणी. जेलीच्या रंगाचे, गोड आणि बोटांना चिकट लागणारे असेल, तर जेलीचे. स्ट्रॉबेरी आणि स्ट्रॉबेरीचीच जेली असे दोन्ही घातले असल्यास रंगावरून निवाडा होत नाही. अशा वेळी ते चमचाभर पाणी वाटीत काढून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे. ते पुन्हा थरथरू लागले, तर जिलेटिनची जेली उष्णतेने वितळली होती असे समजावे. पातळच राहिले, तर संशय फळावर किंवा जेलीत मिसळलेल्या कच्च्या अननसावर घ्यावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

एवढ्याने खात्री पटत नसेल, तर कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी वाट्यांची चाचणी करावी. नेहमीच्या पद्धतीनेच, प्रमाण अजिबात न बदलता, केक वगळून प्रत्येक थर वेगळ्या स्टीलच्या वाटीत घालावा: एकीत चिरलेली फळे, दुसरीत कस्टर्ड, तिसरीत जेली, चौथीत क्रीम. वाट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी एकेक तिरपी करून पाहावी. कस्टर्ड वाटीच्या कडेपासून सुटले आहे आणि त्या फटीत पाण्याची बारीक रेघ चमकते आहे, की फळांच्या वाटीत चमचा बुडेल इतका रस जमला आहे, हे तेथे लपून राहत नाही. केक स्वतः पाणी सोडत नाही, तो फक्त पितो आणि पेलवेनासे झाले की सांडतो, म्हणून त्याची वाटी लागत नाही.

फळांचे पाणी

साताऱ्यातील स्वयंपाकघरांत ही अडचण सर्वांत जास्त वेळा फळांमुळे येते, आणि त्यातही स्ट्रॉबेरीमुळे. स्ट्रॉबेरीच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि तिला जाड सालही नसते. चिरलेल्या फळावर साखर भुरभुरली की ती साखर फोडींच्या पेशींतील पाणी बाहेर ओढून घेते. ही क्रिया पंधरा-वीस मिनिटांत सुरू होते आणि पुढे कित्येक तास चालूच राहते. ग्लास भरताना फोडी कोरड्या दिसतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पाणी सुटते ते झाकण लावल्यानंतर, आपण झोपेत असताना. साखर वरून घातली नाही म्हणून सुटका होते असेही नाही, कारण गोड पाकात भिजलेला केक आणि गोड कस्टर्ड फोडींना दोन्ही बाजूंनी चिकटलेले असते आणि साखर तेथूनही आपले काम करते.

यावर उपाय पाणी अडवण्याचा नाही, ते आधीच काढून घेण्याचा आहे. अर्धा किलो स्ट्रॉबेरीच्या फोडींना तीन टेबलस्पून साखर लावून त्या पाऊण तास झाकून ठेवाव्यात आणि मग चाळणीत घालून खाली पातेले ठेवावे. अर्धी-पाऊण वाटी सुंदर लाल रस निघतो. हाच रस ट्रायफलच्या तळाशी साचणार होता. तो फेकू नये. त्यातील थोडा केक भिजवण्यासाठी वापरावा, आणि उरलेल्या रसात, वाटीभर रसाला एक चहाचा चमचा या हिशेबाने, थंड पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर घालून एक उकळी आणावी. रस पारदर्शक आणि दाटसर झाला की गार करून निथळलेल्या फोडींना हलक्या हाताने चोळावा. अशा फोडी फारसे पाणी सोडत नाहीत, चकाकतात आणि रंगही टिकवतात.

धुण्याकडेही लक्ष द्यावे लागते. स्ट्रॉबेरी देठ आणि हिरव्या पाकळ्यांसकट धुवावी आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडी झाल्यावरच देठ काढावे. आधी देठ काढून मग धुतल्यास देठाच्या खड्ड्यातून पाणी फळाच्या आत शिरते, आणि ते पुसून निघत नाही. वाई–पाचगणी रस्त्यावर घेतलेल्या बॉक्सच्या तळाची फळे घाटातून उतरेपर्यंत दाबली गेलेली असतात. ती थरासाठी न वापरता रसासाठी वेगळी काढलेली बरी. फेब्रुवारीत स्वस्त मिळाली म्हणून फ्रीझरमध्ये घालून मेमध्ये बाहेर काढलेली स्ट्रॉबेरी तर ट्रायफलमध्ये तशीच्या तशी कधीही घालू नये. गोठताना आत तयार झालेल्या बर्फाच्या स्फटिकांनी तिच्या पेशी फाटलेल्या असतात आणि वितळल्यावर ती धरून ठेवलेले सगळे पाणी सोडून मोकळी होते. अशी फळे शिजवून, आटवून, घट्ट करूनच वापरावीत.

बाटलीतला क्रश वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. क्रशमध्ये साखर भरपूर असते, त्यामुळे तो थेट कस्टर्डवर ओतला की जड असल्याने कडेने खाली उतरतो आणि वाटेत कस्टर्डमधील पाणीही ओढतो. क्रश वापरायचाच असेल तर दोन चमच्यांहून अधिक नको, आणि तो केकवर पसरावा, कस्टर्डवर नको.

सांगलीकडच्या वाचकांना या बाबतीत थोडा दिलासा आहे. तासगाव, मिरज, पलूस भागातील द्राक्षे अखंड घातली तर त्यांची साल पाणी बाहेर येऊ देत नाही. अर्धी चिरली तरी स्ट्रॉबेरीच्या मानाने ती पुष्कळ शहाणी असतात. आटपाडी, जत भागातील डाळिंबाचे दाणेही न फोडता वापरल्यास त्रास देत नाहीत. पण खरा उपयोगी पडतो तो बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे, मात्र तो कोरडा असल्यामुळे भोवतालचे पाणी शोषून फुगतो, या त्याच्या गुणाचा उपयोग ट्रायफलमध्ये फार कमी लोक करतात. केकच्या थरावर, फळांच्या खाली, जाडसर चिरलेल्या बेदाण्याचा एक पातळ थर द्यावा. फळांनी थोडेफार पाणी सोडलेच, तर ते बेदाणा पितो आणि स्वतःही चविष्ट होतो.

केळे आणि चिकू पाणी सोडत नाहीत, काळे पडतात. ती अडचण निराळी आहे, आणि केळ्याला लिंबाचा रस चोळल्याने तिचे बहुतांशी निवारण होते. कलिंगड ट्रायफलमध्ये घालूच नये.

कस्टर्डचे पाणी

आपल्याकडे कस्टर्ड म्हणजे पावडरचे कस्टर्ड. ही पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये तयार केली, ती पत्नीला अंडे चालत नसे म्हणून. अंड्याचे वावडे असलेल्या घरांतही ट्रायफल निर्धास्तपणे करता येते ते त्यामुळेच. परंतु याचा दुसरा अर्थ असा, की हे कस्टर्ड दाट होते ते मक्याच्या पिठामुळे, म्हणजे स्टार्चमुळे, आणि त्याला पाणी सुटण्याची कारणेही स्टार्चचीच कारणे आहेत.

पहिले कारण अर्धवट शिजवणे. स्टार्चचे कण साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला फुगू लागतात, दूध दाटसर होते, आणि बुडाला लागेल या भीतीने आपण गॅस बंद करतो. पण तेव्हा कण पुरते फुललेले नसतात आणि गार होताना त्यांनी धरलेले पाणी ते सैल सोडतात. कस्टर्डला बुडबुडे येऊन ते फदफदू लागल्यानंतर मंद आचेवर सतत ढवळत आणखी दीड-दोन मिनिटे शिजवणे आवश्यक आहे. जाड बुडाचे पातेले आणि सपाट तोंडाचा लाकडी कालथा असेल तर ते बुडाला लागत नाही.

दुसरे कारण प्रमाण आणि दूध. पाकिटावरचे प्रमाण बहुधा वाटीतून फळांवर ओतून खाण्याच्या कस्टर्डचे असते. थरांसाठी अर्धा लिटर दुधाला साडेतीन ते चार सपाट टेबलस्पून पावडर लागते. म्हशीचे सुटे दूध असेल तर साडेतीन पुरते. टोन्ड दूध असेल तर चार. त्याहून जास्त घातल्यास कस्टर्ड टाळूला चिकटते आणि पिठाची चव येते.

तिसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कस्टर्ड पूर्ण गार होऊन घट्ट बसले, की त्याची वीण तयार झालेली असते. असे बसलेले कस्टर्ड फ्रिजमधून काढून, जोरात फेटून, मग ग्लासात घातले तर ती वीण मोडते आणि मोडलेल्या जागांमधून पाणी झिरपत राहते. म्हणून कस्टर्ड कोमट असतानाच, हाताला जेमतेम ऊब लागेल इतक्या बेताने, ग्लासात ओतावे आणि तेथेच बसू द्यावे. तोवर साय धरू नये यासाठी प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद कस्टर्डच्या पृष्ठभागाला चिकटवून ठेवावा. पातेल्यावर नुसते ताट झाकल्यास ताटाच्या खालच्या बाजूला वाफ जमते आणि तिचे थेंब कस्टर्डवरच पडतात. गरम कस्टर्ड झाकून फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या घरांत तर पाण्याचा अर्धा वाटा या थेंबांचाच असतो. सकाळी झाकण उघडून त्याची आतली बाजू बोटाने पुसून पाहिली म्हणजे पटेल.

चौथे कारण चाखण्याचे. साखर पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात गेला, तर लाळेतील अमायलेझ हे विकर (एन्झाइम) स्टार्चचे तुकडे करते आणि रात्री दाट असलेले कस्टर्ड सकाळी पातळ होते. पाहुण्यांसाठी करताना हे स्वच्छतेच्या दृष्टीनेही वर्ज्यच आहे, पण कस्टर्ड कोणतेही कारण न दिसता दुसऱ्या दिवशी पाणीपाणी झाल्यास या शक्यतेचा विचार अवश्य करावा.

आणि पाचवे, फ्रिजची जागा. एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरच्या अगदी खाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलेले ग्लास कडेने गोठतात. गोठून सुटलेले कस्टर्ड इडलीसारखे जाळीदार होते आणि त्यातून स्वच्छ पाणी निथळते. पंचवीस ग्लासांपैकी मागच्या रांगेतील चार-पाचांनाच पाणी सुटले असेल, तर पाककृती तपासत बसू नये. ग्लास मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावेत.

जेलीचे पाणी

बाजारात दोन प्रकारची जेली मिळते. जिलेटिनची जेली प्राण्यांच्या हाडांपासून किंवा कातड्यापासून केलेली असते, आणि तिच्या पाकिटावर तपकिरी खूण असते. हिरव्या खुणेची जेली कॅरॅगीनन किंवा अगरसारख्या समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थावर बसते. चायना ग्रास हा त्यांतलाच. हळदीकुंकवाला येणाऱ्यांमध्ये शाकाहारी बायका असणारच, तेव्हा हिरवी खूण पाहून घेणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. पण पाण्याच्या दृष्टीनेही दोहोंचे वागणे वेगळे आहे.

जिलेटिनची जेली ३० ते ३५ अंशांना वितळते. एप्रिल-मेमध्ये साताऱ्यात दुपारचे तापमान त्याहून सहज वर जाते आणि सांगलीत तर ते चाळिशीला टेकते, त्यामुळे उन्हाळ्यातील बारशाला टेबलावर मांडून ठेवलेल्या ग्लासांत ही जेली अर्ध्या तासात पातळ झाली तर नवल नाही. तिच्यावर गरम कस्टर्ड ओतल्यावरही तेच होते. हिरव्या खुणेची जेली अशी वितळत नाही, पण ती बसल्यावर आकसते आणि स्वतःहून थोडे पाणी बाहेर टाकते. तिचे चौकोनी तुकडे केले की प्रत्येक कापलेल्या बाजूतून ते झिरपते. ही जेली ग्लासातच ओतून बसवावी. तुकडे शोभेला हवेच असतील, तर ते तासभर चाळणीत निथळून अगदी वाढतेवेळी वर घालावेत.

जिलेटिनची जेली मुळीच बसली नाही, तर आत अननस, पपई, किवी, पेरू किंवा अंजीर यांपैकी काही कच्चे घातले आहे का, हे आधी पाहावे. या फळांमध्ये प्रथिने तोडणारी विकरे असतात. अननसातील ब्रोमेलिन आणि पपईतील पपेन ही त्यांतील परिचित नावे. जिलेटिन हे प्रथिनच असल्याने ते तुटते आणि कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवले तरी जेली घट्ट होत नाही. अननसाच्या फोडी साखर घालून पाच-सात मिनिटे खदखदून शिजवल्या की ही विकरे निकामी होतात. डब्यातील अननस आधीच तापवलेला असल्याने तो तसाच चालतो. हिरव्या खुणेच्या जेलीला या फळांचा उपद्रव होत नाही, कारण तिच्यात प्रथिन नसते. मात्र कच्चा अननस किंवा किवी क्रीम, चक्का अथवा कस्टर्डला रात्रभर लागून राहिला तर दुधातील प्रथिने तुटून पदार्थ कडू लागतो. दूध आणि आंबट फळे एकत्र खाऊ नयेत असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांचा आधार आयुर्वेदातील विरुद्ध आहाराचा असतो. पण अननसाच्या बाबतीत तरी जीभही त्यांच्याच बाजूने साक्ष देते.

क्रीम आणि चक्का

पाकिटातील साध्या फ्रेश क्रीममध्ये सुमारे २५ टक्के स्निग्धांश असतो आणि ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही, कारण हवा धरून ठेवण्यासाठी तो ३० टक्क्यांच्या वर असावा लागतो. असे पातळ क्रीम वरून ओतले की ते रात्रभरात खाली उतरते. घरच्या सायीत स्निग्धांश पुरेसा असतो, पण फेटता फेटता तिचे लोणी कधी झाले ते कळत नाही आणि मागे ताक उरते. केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचे क्रीम हे सर्वांत टिकाऊ. त्याचा एक थेंबही सुटत नाही. चवीला ते मेणचट असते, हे माझे मत, आणि ज्यांना आवडते त्यांच्याशी वाद नाही.

आपल्या भागातल्या घरांना माझ्या मते याहून चांगला पर्याय चक्क्याचा आहे. भरपूर दही मलमलच्या फडक्यात सात-आठ तास टांगून, वर वजन ठेवून, बोटाला कोरडा लागेल असा चक्का करावा, पुरणयंत्रातून फिरवावा आणि त्याच्या निम्मे, स्वतंत्रपणे फेटलेले घट्ट क्रीम त्यात अलगद मिसळावे. सावधगिरी एवढीच, की श्रीखंडाइतकी साखर घालू नये. साखर फळांतून पाणी ओढते तशी चक्क्यातूनही ओढते, आणि म्हणूनच श्रीखंड चक्क्याहून सैल असते. पाव किलो चक्क्याला तीन टेबलस्पून पिठीसाखर पुरे. बाकी गोडवा खालचे थर पुरवतात. आयता चक्का आणला असल्यास तो न टांगता वापरू नये.

केक

केक शिळा असावा. ताजा, लुसलुशीत स्पंज पाक पिऊन लगेच बसतो. बेकरीतील साधा अंड्याविना स्पंज आदल्या दिवशी आणून, बोटभर जाडीच्या चकत्या कापून, तासभर उघड्यावर वाळू द्यावा किंवा तव्यावर कोरडाच हलका शेकावा. शंभर ग्रॅम केकला दोन ते तीन टेबलस्पून रस, तोही चमच्याने शिंपडून. वाटीने ओतायचा नाही. केक बोटाने दाबल्यावर ओलसर लागावा, रस वर येऊ नये. नानकटाई किंवा टोस्टचा जाडसर चुराही तळाला चांगला काम देतो.

क्रम आणि वेळ

थरांचा क्रम ठरवताना एवढेच पाहायचे, की पाणी सोडणारा थर पाणी पिणाऱ्या थराच्या लगेच वर असावा आणि गरम काही गार थरावर पडू नये. म्हणून तळाला केक, त्यावर बेदाणा, मग निथळलेली फळे, त्यावर कोमट कस्टर्ड. ते पुरते बसल्यावर गार पण अजून ओतता येण्याजोगी जेली उलट्या चमच्यावरून हळूच, आणि सर्वांत वर चक्का-क्रीम. हिरव्या खुणेची जेली खोलीच्या तापमानालाच बसू लागते, तेव्हा तिच्या बाबतीत रेंगाळून चालत नाही.

संध्याकाळी पाचचे हळदीकुंकू असेल, तर आदल्या रात्री फक्त केक कापून ठेवावा, चक्का टांगावा आणि फळे धुऊन कोरडी करावीत. सकाळी रस काढून, कस्टर्ड करून, अकरापर्यंत तीन थर लावावेत. एकच्या सुमारास जेली आणि चारला क्रीम. रात्रीच सगळे उरकून टाकण्याचा मोह होतो, हे समजण्यासारखे आहे, पण सहा तासांचे ट्रायफल आणि अठरा तासांचे ट्रायफल यांत जो फरक पडतो तो कोणत्याही युक्तीने भरून निघत नाही. त्या दिवशी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाणार असल्याची सूचना असेल, तर जिलेटिनच्या वाटेला न जाता जेलीचा थर गाळलेला बरा.

मोठ्या काचेच्या वाडग्यात केलेल्या ट्रायफलला एक अडचण जास्तीची असते. पहिल्या डावेने पडलेल्या खड्ड्यात चोहोबाजूंचे पाणी उतरू लागते आणि शेवटच्या पाहुण्याच्या वाट्याला रस्साच येतो. वीसहून अधिक बायका टप्प्याटप्प्याने येणार असतील, तर लहान ग्लासच सोयीचे. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या ग्लासाला बाहेरून घाम येतो. तो पाहून "काकू, पाणी सुटलं वाटतं" असे कोणी म्हणाले, तर आधी ग्लास पुसावा आणि मगच चिंता करावी.

पाणी सुटलेच, तर

पाहुणे दाराशी असताना कारणे शोधण्यात अर्थ नसतो. औषधाच्या दुकानात मिळणारी, सुई नसलेली सिरिंज ग्लासाच्या कडेने तळापर्यंत सरकवून पाणी ओढून घ्यावे. थर न हलवता ते निघते. सिरिंज नसेल तर स्ट्रॉचे वरचे टोक बोटाने दाबून तिचाही तसाच उपयोग होतो. मग कडेच्या त्याच वाटेने टोस्टचा बारीक चुरा चमचाभर सोडावा. कस्टर्डच फुटून पाणी झाले असेल, तर मात्र ग्लास वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. सगळे एका पातेल्यात काढून, केकचे तुकडे वेगळे करून, उरलेल्यात द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे घालावेत आणि वाट्यांतून फ्रूट कस्टर्ड म्हणून द्यावे. कोणाला काही कळत नाही.

शेवटचा प्रश्न प्रवासाचा, कारण साताऱ्याहून सांगलीला बहिणीकडे किंवा सासरी डोहाळजेवणाला ट्रायफल न्यायचे आहे, असे विचारणारे बरेच असतात. कराडमार्गे हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि बसलेले कस्टर्ड इतके हादरे सोसत नाही. वीण मोडते आणि उतरेपर्यंत पाणी दिसू लागते. केक हवाबंद डब्यात, निथळलेली फळे आणि त्यांचा दाट रस वेगवेगळ्या डब्यांत, घट्ट चक्का बर्फाच्या पेटीत आणि क्रीमचे न उघडलेले पाकीट त्याच्या शेजारी, असे सामान सुटे न्यावे. कस्टर्ड तिथे पोहोचल्यावर शिजवावे. अर्धा लिटरचे कस्टर्ड शिजून कोमट व्हायला पाऊण तास पुरतो, आणि तोवर क्रीमही पुन्हा फ्रिजमध्ये गार होऊन फेटण्याजोगे झालेले असते.